दारावरचा पोकळ दगड

सम्मेदराव मगदूमांना दगडाची भीती अशी कधी वाटली नव्हती. ती वाटू लागली स्वतःच्या हौसेनं एक भलामोठा दगड स्वतःच्याच दारावर लावून घेतल्यावर.

बाकी सगळ्या गोष्टींची भीती त्यांना आधीपासूनच होती. त्यात त्यांचा दोष नाही. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात नोकरीला. आयुष्यभर टेबलावर एकच विषय: कोण कशानं गेला. कुणावर नारळ पडला, कुणावर पाण्याची टाकी, एका बिचाऱ्यावर तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक पडलेला, आणि वाढदिवस त्याचाच. असं रोज वाचणारा माणूस रस्त्यानं सरळ कसा चालणार? सम्मेदराव गॅलरी दिसली की रस्त्याच्या मधोमध यायचे आणि मधोमध आलं की मागून ट्रक येतोय का बघायचे. कोल्हापुरात असं चालणाऱ्याला लोक बाजूला घेऊन पाणी देतात.

अशा माणसानं घराला दगड लावायचं मनात आणलं, ते आईमुळं.

आई म्हणजे प्रभावतीआक्का. त्यांची आयुष्यात एकच इच्छा राहिली होती. ज्यांना आमच्या जैनांकडची रीत ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमचे मुनी महाराज दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. चातुर्मासात त्यांचा मुक्काम बस्तीत, म्हणजे देवळात असतो. सकाळी ते आहाराला निघाले की गल्लीतली घरंच्या घरं सोवळ्यात दारात उभी राहतात. आत शुद्ध स्वयंपाकाचा चौका मांडलेला, हातात कलश, नारळ, आणि तोंडानं "नमोस्तु, नमोस्तु" चाललेलं. पण महाराज कुणाच्या बोलावण्यावर थांबत नाहीत. त्यांनी निघताना मनात काहीतरी खूण धरलेली असते. ती खूण जिथं दिसेल तिथं आहार. कुठंच दिसली नाही तर तसेच उपाशी परत. आणि आहार चालू असताना नुसतं कुणाच्या हातातून भांडं पडलं तरी अंतराय झाला म्हणायचं. मग तिथल्या तिथं ओंजळ सोडायची, आणि पाण्याचा घोटसुद्धा दुसऱ्या दिवशीच.

आक्का या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून दर चातुर्मासात चौका मांडत आल्या. किती महाराज आले आणि गेले, पण मगदूमांच्या दारात एकही थांबले नाहीत. आक्कांनी कधी तक्रार केली नाही. गेल्या वर्षी फक्त कलश आत नेताना एवढंच म्हणाल्या, "आपलं घरच डोळ्यांत भरत नसंल त्येंच्या."

हे वाक्य सम्मेदरावांच्या काळजात घुसलं. घर खरंच डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं. दार थेट गल्लीत, पुढची भिंत पश्चिमेला, आणि राधानगरीकडनं येणारा आडवा पाऊस सगळा त्या भिंतीच्या अंगावर. दिवाळीला चांगला चकचकीत ऑइलपेंट लावला तरी श्रावणात भिंत हिरवी.

"दगड लावून घेऊया पुढच्या भिंतीला," ते बायकोला म्हणाले.

"अहो, महाराज खाली बघून चालतात," आदिती म्हणाली. "पायाखाली जीव चिरडू नये म्हणून. भिंत बघतं कोण?"

या साऱ्या प्रकरणात शहाणपणाचं असं हे एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते कुणीच ऐकलं नाही.

कारण तोवर शेजारच्या उदयसिंह इंगवल्यांना बातमी लागली होती. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, सल्ला द्यायला मोकळा. स्वतःच्या घराला त्यांनी लाकडासारखे दिसणारे पत्रे ठोकून घेतले होते आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात असं ते स्वतःच सांगत. "दगड कशाला? पत्रा ठोका की! आमच्यासारखा. नाद करायचा न्हाय!" मग कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा झाली. टाइल लावली तर न्हाणीघर उलटं करून वाळत घातल्यासारखं दिसेल, असं एक मत पडलं. विटा लावल्या तर लोक वीटभट्टी समजून भाव विचारतील, असं दुसरं. शेवटी बस्तीच्या कमिटीतले तात्यासो उपाध्ये यांनी निकाल दिला, "आपल्या बस्तीला कुठला दगड हाय? काळा. मग इषय संपला." तात्यासोंनी इषय संपवला की कॉलनीत तो पुन्हा कुणी काढत नाही.

गुंडू मिस्त्रींना बोलावलं. गुंडू मिस्त्री भिंतीकडं बघताना असं बघत, की भिंतीलाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. ते म्हणाले, "रंगावर शिमिट धरत न्हाय साहेब. आदी सगळ्या भिंतीला छिन्नीनं टाचे मारायचे, रंग उडवायचा, मग दगड. पुन्हा हत्ती बांधला तरी हलायचा न्हाय." सम्मेदरावांच्या डोळ्यांपुढं दारावर बांधलेला हत्ती आला आणि तो कुणावर पडेल याचाही विचार येऊन गेला.

टाच्यांचं काम दारापर्यंत छान झालं. दाराच्या वर छिन्नी ठेवली आणि आतून आक्का आल्या. तिथल्या चिरेतून मुंग्यांची रांग ये-जा करत होती.

"थांबीव ते."

"आई, तेवढीच जागा राहिलीय."

"चातुर्मास तोंडावर आलाय. महाराज आपल्या दारात यावंत म्हणून तू त्याच दारात मुंग्या मारणार व्हय?"

गुंडू मिस्त्रींनी तोड काढली, "ऱ्हाऊ द्या. तेवढा एक असाच चिकटवतो रंगावर. कडंनं मुंग्यास्नी वाट ठेवतो. जातोय कुठं त्यो?" आता नशीब असं, की दाराच्या बरोबर वर शोभेसाठी सगळ्यात मोठा दगड यायचा होता, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. तो तिथं ऑइलपेंटवर, मुंग्यांना वाट ठेवून, बसला.

घर मात्र झकास दिसू लागलं. बघायला कॉलनी लोटली. उदयसिंहही आले, आणि कौतुक करायला म्हणून पायरीवर चढून एकेका दगडावर बोटाच्या पेरानं वाजवू लागले. टण. टण. टण. मग दारावरच्या मोठ्या दगडावर वाजवलं. भद्द.

"ह्यो पोकळ हाय की!" उदयसिंहांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आनंदानं जाहीर केलं.

त्या क्षणापासून सम्मेदरावांचं जिणं बदललं. ते मागच्या मोरीच्या दारानं घरात जाऊ लागले. पुढच्या दारानं जायची वेळ आलीच तर डोक्यावर हेल्मेट. पेपर टाकणाऱ्याला त्यांनी पेपर लांबून फेकायला सांगितला, आणि तो रोज नेमका उदयसिंहांच्या गॅलरीत जाऊन पडू लागला. दर संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ते हळूच दगड वाजवून बघायचे. रोज भद्द. एकदा त्यांना तो टण वाजल्यासारखा वाटला आणि ते आनंदानं आत सांगायला धावले, पण तो बस्तीतला घंटानाद होता.

गुंडू मिस्त्री आले, त्यांनी दगडावर कान लावला आणि म्हणाले, "पोकळ हाय म्हंजे पडतंयच असं न्हाय. आपली कितीतरी माणसं पोकळ हाईत, पडल्यात काय?"

"काढून टाका तो."

"काढतो की. पर छिन्नी मारायला लागंल. मुंग्या?"

"न्हाय!" आतून आक्कांचा आवाज आला. आक्कांना एरवी कमी ऐकू यायचं.

मग सम्मेदरावांनी दगडाला खालून बांबूचा टेकू लावायचं ठरवलं. पण बांबूचा पाय गल्लीत येत होता, आणि सम्मेदराव पडले नियमानं वागणारे. ते परवानगीसाठी एका ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"दगड पडलाय काय?"

"नाही. पडेल असं वाटतंय."

"पडला असता तर पंचनामा करता आला असता. पडायच्या आदीचं कोण बघतंय ते बघायला लागंल." साहेबांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, शेजारच्या टेबलानं पंख्याकडं बघितलं. "तुमी असं करा, वाटायचं थांबलं की या."

सम्मेदरावांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि बांबू उभा केला. दुसऱ्याच दिवशी तात्यासो उपाध्ये दारात हजर. "सम्मेद, महाराज उद्यापास्नं ह्या गल्लीत आहाराला फिरणार. वाटंत हे काय खोडकं उभं केलंयस? काढ."

इथं सगळं सांगून टाकायची वेळ होती. "तात्यासो, दगड पोकळ आहे" एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. महाराजांना त्या दारावरून कुणी नेलंच नसतं. पण मग आक्कांचा चौका? सम्मेदरावांनी आत बघितलं. आक्का जमिनीवर बसून गहू निवडत होत्या, एकेक दाणा डोळ्यांजवळ नेऊन, आणि गुणगुणत होत्या. आईला गुणगुणताना त्यांनी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं बांबू काढला.

काढताना उदयसिंह आपल्या गॅलरीच्या कठड्यावरून म्हणाले, "भिऊ नगासा. मुंग्यांकडं लक्ष ठेवा. जनावराला आदी कळतंय. त्येनी बिऱ्हाड हलवलं की समजायचं, दगड आला." एवढा दिलासा देऊन ते चहाला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मगदूम कुटुंब सोवळ्यात दारात उभं राहू लागलं. आक्का कलश घेऊन, आदिती दिवा घेऊन, आणि सम्मेदराव नारळ घेऊन. सगळ्यांची नजर महाराजांच्या वाटेकडं आणि सम्मेदरावांची वर. तोंडानं ते "नमोस्तु, नमोस्तु" म्हणत आणि मनात म्हणत, पुढं चला महाराज, पुढं चला. महाराज पुढं जात. सम्मेदरावांचा जीव भांड्यात पडे. मग आक्का कलश उचलून आत जात, आणि सम्मेदरावांना त्या पाठमोऱ्या आईकडं बघून स्वतःची इतकी लाज वाटे की दिवसभर घास उतरत नसे. रोज लेकाची प्रार्थना फळत होती आणि आईची नाही. दोघं एकाच दारात उभे राहून एकमेकांविरुद्ध मागत होते, आणि हे फक्त सम्मेदरावांनाच ठाऊक होतं.

असं चालू असताना एका सकाळी महाराज कोपऱ्यावर वळले, गल्लीत "नमोस्तु"चा गजर उठला, आणि सम्मेदरावांनी सवयीनं वर बघितलं. मुंग्या निघाल्या होत्या. पांढरी अंडी तोंडात धरून, सगळं बिऱ्हाड घेऊन, दगडाच्या कडेनं आडव्या उदयसिंहांच्या भिंतीकडं चालल्या होत्या. घाईत होत्या.

विचार करायला वेळच नव्हता. सम्मेदरावांनी नारळ उजव्या हातात घट्ट धरला, टाचा उंचावल्या आणि डावा हात वर करून दगडावर दाबला.

"हात खाली घे," आक्का ओठ न हलवता म्हणाल्या.

"अहो, लोक बघालेत," आदिती म्हणाली.

सम्मेदरावांनी हात घेतला नाही. धोतराचा काष्टा सैल होतोय हे कळूनही घेतला नाही. महाराज शांतपणे, जमिनीकडं बघत आले. मगदूमांच्या दारावरून पुढं गेले. सम्मेदरावांनी श्वास सोडला.

आणि महाराज थांबले. मागं वळले. येऊन मगदूमांच्या पायरीशी उभे राहिले.

आता रीतीप्रमाणं घरच्या सगळ्यांनी महाराजांना तीन प्रदक्षिणा घालायच्या होत्या. सगळ्यांनी. आक्का पायरी उतरल्या, आदिती उतरली. सम्मेदराव दगडाला चिकटलेले.

आक्कांनी वळून लेकाकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. आणि दगडावर दाबलेल्या त्या हाताला जाणवत होतं, आपण काढला की हा येणार.

सम्मेदरावांनी हात काढला.

त्या प्रदक्षिणा त्यांनी कशा घातल्या ते विचारू नका. पाय महाराजांभोवती आणि मान दगडाकडं, अशा. पायरीजवळ आलं की आपलं डोकं महाराजांच्या आणि दगडाच्या मध्ये यावं म्हणून ते छाती काढून, उंच होऊन चालायचे. या दारातून हेल्मेटशिवाय न जाणारा माणूस उघड्या डोक्यानं चालत होता, ही गोष्ट त्या गर्दीत आदितीच्या तेवढी लक्षात आली. फेऱ्या संपताच त्यांनी पायरीवर उडी घेतली आणि पुन्हा हात वर नेला. "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी..." म्हणताना आवाज असा कापत होता की म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. काय भक्ती म्हणायची ही! महाराज त्या हाताखालून आत गेले.

आता आत जायचं तर हात सोडायला हवा. आणि आहार चालू असताना दगड पडला, तर? साधं भांडं पडलं तरी अंतराय, इथं तर धोंडा! इतक्या वर्षांनी दारात आलेले महाराज उपाशी उठणार, आणि आई ते बघणार. सम्मेदरावांनी असहाय होऊन गल्लीकडं बघितलं. कठड्यावर उदयसिंह उभे होते. नजरानजर झाली. या माणसानं त्यांना आजवर हजार सल्ले दिले असतील, पण या वेळी तो सरळ खाली आला. चप्पल काढली, खुर्ची आणली, दाराबाहेर मांडून तिच्यावर चढला, आणि दोन्ही हात दगडावर दाबून पुटपुटला, "जावा तुमी आत. मी हाय हितं."

आहार निर्विघ्न पार पडला. आक्कांनी स्वतःच्या हातानं पहिला घास दिला. बाहेर कुणी शिंकलं तरी सम्मेदराव दाराकडं मान वळवत होते, पण दगड पडला नाही. महाराज बाहेर आले तेव्हा उदयसिंह घामानं निथळत, दोन्ही हात वर करून खुर्चीवर तसेच उभे होते. महाराजांना ती नमस्काराची पद्धत वाटली असावी. त्यांनी हातातली मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. उदयसिंहांना हात जोडावेसे फार वाटले, पण जोडणार कसे?

दुपारी तात्यासोंनी बस्तीत धीर करून विचारलं, "महाराज, आज खूण काय धरलीती?" महाराज हसले आणि म्हणाले, "एका हातात श्रीफळ असावं, दुसरा हात दगडावर असावा."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीतलं एकूण एक माणूस दगडावर हात ठेवून उभं. ज्यांच्या घराला दगड नव्हता त्यांनी पाटे आणले, वरवंटे आणले. एकानं तर टाचा घासायची वजरी तळहातावर धरली होती. महाराज सगळ्यांवरून शांतपणे पुढं गेले आणि शेवटच्या घरी एका केळीच्या झाडाशी थांबले. खूण रोज वेगळी असते, हे लहान पोराला ठाऊक, पण हौशी माणसाला कोण सांगणार?

सम्मेदरावांना त्याचं काही नव्हतं. ते निवांत होते. आईची इच्छा पुरी झाली होती, मुंग्या स्वखुशीनं गेल्या होत्या. त्यांनी गुंडू मिस्त्रींना छिन्नी-हातोड्यासह बोलावून घेतलं. मिस्त्री पायरीवर चढले, आणि आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ह्या दगडाला हात लावायचा न्हाय."

"आई, आता मुंग्या नाहीत!"

"मुंग्यांचं कोण बोलालंय? ह्या दगडापायी महाराज दारात आले. त्यो काढून कुठं टाकणार तू? उकिरड्यात?"

तात्यासोंनी मान डोलावली आणि इषय संपला.

त्याला आता बरेच दिवस झाले. बातमी पसरली तशी इचलकरंजीहून मावश्या आल्या, शिरोळकडचे पाहुणे आले. सगळे दाराशी येतात, बरोब्बर दगडाखाली उभे राहतात, डोळे मिटतात आणि डोकं वाकवतात. सम्मेदराव ऑफिसातून लवकर येतात आणि डावा हात दगडावर ठेवून उभे राहतात. लोक एकमेकांना सांगतात, श्रद्धा बघा, अजून हात सोडत नाही माणूस. शेजारी उदयसिंह हल्ली स्वतःचे पत्रे वाजवून बघत असतात. मुंग्या त्यांच्याकडं राहायला गेल्यापासून त्यांची झोप उडाली आहे.

आणि आक्कांनी बसायची जागा बदलली आहे. आयुष्यभर त्या मागच्या खोलीत बसायच्या. आता संध्याकाळी पाट घेऊन येतात आणि उंबऱ्यात, दगडाच्या अगदी खाली, जप करत बसतात. तिथं बसलं की त्यांचा चेहरा त्या सकाळसारखा होतो. तो बघितला की सम्मेदरावांना आईला तिथून ऊठ म्हणवत नाही. ते मागं उभे राहतात, टाचा उंचावून, हात वर.

"किती वेळ हुबा ऱ्हाणार? बस की," आक्का म्हणतात.

"बरं आहे आई, तू बस," सम्मेदराव म्हणतात, आणि हात बदलतात.